पाहुण्यांचं वायफाय

यवतमाळात नवरात्र बसलं की घरं भरतात. इथला दुर्गोत्सव मोठा. दारव्हा, नेर, घाटंजी, पांढरकवडा, राळेगाव अशा सगळीकडून माणसं देवी पाहायला येतात. रात्री उशिरापर्यंत मंडळं पाहत फिरायचं आणि मुक्काम नातेवाइकांकडे. चपला दारात निघतात, पाण्याचा तांब्या हातात येतो आणि तेवढ्यात प्रश्न येतो, "वायफायचा पासवर्ड सांगजो ना बापा." मे महिन्याच्या लग्नसराईतही हेच. वऱ्हाडातले दहा मोबाइल एकाच वेळी एका राउटरला लटकतात आणि मग घरमालकालाच कोणीतरी विचारतं, "तुमचं नेट काहून चालून नाही राहिलं?"

पाहुणे नसले तरी शेजार आहेच. २०२५च्या हंगामात भारतीय कापूस महामंडळाने हमीभावाच्या खरेदीसाठी 'कपास किसान' अॅपवर नोंदणी सुरू केली. ई-पीक पाहणी तर २०२१पासूनच मोबाइलवर आहे. लाडकी बहीण योजनेची ई-केवायसी, विद्यापीठाचे परीक्षा अर्ज, पोलीस भरतीचे फॉर्म या सगळ्याला नेट लागतं, आणि मोबाइलची रेंज कधी एका काडीवर असते, कधी तीही नसते. गल्लीत ज्याच्याकडे फायबर आलंय, त्याचं घर आपोआप सेवा केंद्र होतं.

अशा ठिकाणी पासवर्ड नाकारणं जमत नाही, आणि ते जमू नये असं मला मनापासून वाटतं. ज्या जिल्ह्यात कापसाच्या विक्रीपासून मुलीच्या शिष्यवृत्तीपर्यंत सगळं नेटवर गेलंय, तिथे शेजाऱ्याला नेट देणं म्हणजे विहिरीचं पाणी देण्यासारखंच आहे. फक्त ते मोकळ्या हाताने देता यावं आणि देताना घरातलं बाकी काही सोबत जाऊ नये. त्याची सोय बहुतेक राउटरमध्ये आधीच करून ठेवलेली असते. तिचं नाव 'गेस्ट नेटवर्क'. राउटर घेतल्यापासून ती बंद पडून असते, कारण तिच्याबद्दल कोणी सांगितलेलंच नसतं.

पासवर्ड दिला म्हणजे काय दिलं?

आपल्याला वाटतं, इंटरनेट दिलं. पण प्रत्यक्षात दिलेला असतो घराच्या आतल्या जाळ्यात प्रवेश. इंटरनेट हा त्या जाळ्याचा फक्त एक दरवाजा आहे.

वायफायला जोडलेल्या प्रत्येक यंत्राला राउटर एक अंतर्गत पत्ता देतो. राउटरचा स्वतःचा पत्ता बहुतेक वेळा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असतो. मग मोबाइलला शेवटचा आकडा ५ मिळतो, टीव्हीला ९, सीसीटीव्हीच्या डीव्हीआरला २०, प्रिंटरला ३१. एकाच जाळ्यातली ही यंत्रं एकमेकांना थेट हाक मारू शकतात. म्हणून तर मोबाइलवरचा व्हिडिओ एका टिचकीसरशी टीव्हीवर जातो आणि प्रिंटर न सांगता सापडतो. पण त्याच वाटेने पाहुण्याच्या मोबाइललाही तुमच्या डीव्हीआरचं लॉगिन पान दिसतं, लॅपटॉपवर उघडा ठेवलेला फोल्डर दिसतो आणि राउटरच्या कारभाराचं पानही दिसतं.

इथे प्रश्न पाहुण्याच्या नियतीचा नाही. तुमचा साडू सज्जनच आहे. पण त्याच्या मोबाइलमध्ये काय काय बसलंय हे त्यालाही ठाऊक नसतं. व्हॉट्सअॅपवर 'लग्नपत्रिका' किंवा 'पीएम किसान' म्हणून आलेली एपीके फाइल उघडून मोबाइलमध्ये नको ते अॅप शिरल्याचे प्रकार खेडोपाडी झाले आहेत. असा मोबाइल तुमच्या जाळ्यात आला की तो तुमच्या इतर यंत्रांची दारं वाजवून पाहू शकतो. शिवाय पासवर्ड एकाला सांगितला की तो एकाकडे राहत नाही. अँड्रॉइडच्या दहाव्या आवृत्तीपासून कोणीही जोडलेल्या वायफायचा क्यूआर कोड पडद्यावर काढून शेजारच्याला दाखवू शकतो. त्या काळ्या-पांढऱ्या चौकोनात तुमच्या वायफायचं नाव आणि पासवर्ड साध्या अक्षरांत भरलेला असतो, त्यावर कुठलंही कुलूप नसतं. मोबाइल बदलला तरी पासवर्ड बॅकअपमधून नव्या मोबाइलमध्ये येतो. पाच वर्षांपूर्वी दिलेला पासवर्ड आज कोणाकोणाकडे आहे, हे कोणालाच सांगता येणार नाही.

आपल्या जुन्या घरांत ओसरी असायची. आलेला माणूस तिथे बसायचा. पाणी, चहा, सुपारी, गप्पा सगळं त्याला तिथे मिळायचं, आणि त्यात कोणाला अपमान वाटत नसे. माजघर, देवघर, कणगीची खोली ही घरच्यांची. गेस्ट नेटवर्क ही राउटरची ओसरी आहे.

एका डब्यातून दोन जाळी

वेगळ्या जाळ्यासाठी दुसरा राउटर लागत नाही. वायफायचा राउटर आपलं नाव हवेत सतत पुकारत असतो, साधारण सेकंदाला दहा वेळा. मोबाइलवर जी नावांची यादी दिसते ती या पुकाऱ्यांतूनच तयार होते. गेस्ट नेटवर्क चालू केलं की तोच रेडिओ दोन नावं पुकारू लागतो. घरच्या नावावर आलेल्या यंत्राला घरच्या पत्त्यांपैकी एक मिळतो आणि पाहुण्यांच्या नावावर आलेल्याला बहुधा वेगळ्याच गटातला, समजा १९२.१६८.२ने सुरू होणारा. त्या दुसऱ्या गटावर राउटर एक नियम लावतो : बाहेर इंटरनेटवर खुशाल जा, पण आतल्या पत्त्यांकडे वळायचं नाही.

बऱ्याच राउटरमध्ये या पानावर आणखी दोन खुणा असतात. एक, पाहुण्यांना स्थानिक जाळं पाहू द्यायचं का. दुसरी, पाहुण्यांना एकमेकांना पाहू द्यायचं का. दोन्ही बंदच ठेवा. पहिली खूण चालू केली तर वेगळ्या जाळ्याला अर्थच उरत नाही. दुसरीचं महत्त्व पटकन लक्षात येत नाही, पण लग्नघरात वीस मोबाइल एकाच जाळ्यात असताना एका बिघडलेल्या मोबाइलने बाकीच्या एकोणिसांना त्रास देऊ नये, याची काळजी घेणंही यजमानपणच आहे.

नावं मात्र दोनच ठेवा. काही राउटर चार-चार गेस्ट नेटवर्क करू देतात. पण प्रत्येक नावाचा पुकारा हवेतला वेळ खातो, आणि तोही सगळ्यात सावकाश वेगाने, कारण तो जुन्यातल्या जुन्या यंत्रालाही कळावा लागतो. नावं वाढली की सगळ्यांचंच नेट थोडंथोडं मंदावतं.

सानपाड्याचं उघडं वायफाय

गेस्ट नेटवर्क काय करत नाही, हेही नीट कळायला हवं. त्यासाठी महाराष्ट्रातलीच एक घटना आठवावी लागते.

२६ जुलै २००८ रोजी अहमदाबादेत साखळी बॉम्बस्फोट झाले. स्फोटांच्या काही मिनिटं आधी 'इंडियन मुजाहिदीन'च्या नावाने एक ईमेल वृत्तवाहिन्यांकडे पोहोचला होता. तो कुठून आला हे शोधताना पोलीस पोहोचले नवी मुंबईतल्या सानपाड्याच्या एका फ्लॅटवर. तिथे एक अमेरिकी गृहस्थ कुटुंबासह भाड्याने राहत होते. ईमेल त्यांच्या इंटरनेट जोडणीच्या पत्त्यावरून गेला होता, पण पाठवला होता दुसऱ्याच कोणीतरी, त्यांचं वायफाय वापरून. त्या गृहस्थांची चौकशी झाली, संगणक तपासले गेले, आणि त्यांचं नाव देशभरच्या वर्तमानपत्रांत छापून आलं. पुढच्या काही आठवड्यांत आलेल्या ईमेलसाठीही मुंबईतल्या इतरांची वायफाय जाळी अशीच वापरली गेल्याचं उघड झालं. त्यानंतर जानेवारी २००९मध्ये मुंबई पोलिसांनी रस्त्यावर फिरून उघडी वायफाय शोधायची मोहीम घेतली, आणि फेब्रुवारीत दूरसंचार विभागाने इंटरनेट कंपन्यांना वायफाय सुरक्षित ठेवण्याच्या सूचना दिल्या.

यातून आपल्या कामाचा मुद्दा निघतो तो असा. घरचं जाळं आणि पाहुण्यांचं जाळं आतून वेगळं असलं तरी बाहेरच्या जगाला दोघांचाही पत्ता एकच दिसतो, आणि तो तुमच्या नावावर असतो. पाहुण्याने धमकीचा मेसेज पाठवला, कोणाच्या नावाने खोटं खातं काढलं किंवा फसवणुकीचा व्यवहार केला, तर पहिली विचारणा तुमच्याकडे होईल. म्हणून गेस्ट नेटवर्क बिनपासवर्डचं कधीच ठेवू नये. 'ओपन' हा पर्याय तिथे दिसतो, आणि "आपल्या गल्लीत कोण येतंय" म्हणून तो निवडावासाही वाटतो. निवडू नका. सानपाड्याची गल्लीही साधीच होती.

दुकान, चहाची टपरी किंवा एमपीएससीच्या मुलांची अभ्यासिका असेल तर प्रकरण आणखी वेगळं आहे. तिथे ओळख नसलेली माणसं रोज येतात. त्यांच्यासाठी घरचं गेस्ट नेटवर्क वापरू नये. केंद्र सरकारने डिसेंबर २०२०मध्ये 'पीएम-वाणी' ही योजना मंजूर केली. तिच्यात छोटा दुकानदारही परवाना किंवा नोंदणी शुल्काशिवाय सार्वजनिक वायफाय देऊ शकतो. वापरणाऱ्याची ओळख अॅप आणि मोबाइल क्रमांकावरून पटवली जाते, आणि ती जबाबदारी दुकानदाराच्या एकट्याच्या डोक्यावर राहत नाही. यवतमाळ-पुसदसारख्या गावांत अभ्यासिकांची संख्या पाहता ही योजना जास्त लोकांना माहीत असायला हवी होती.

आधी मालकाचं कुलूप

आता प्रत्यक्ष काम. फायबर जोडायला येणारा नेटवाला भिंतीवर पांढरा डबा लावतो, त्याला कोणी मोडेम म्हणतं, कोणी राउटर. वायफायचा पासवर्ड म्हणून तो बहुतेक वेळा ग्राहकाचा मोबाइल क्रमांक टाकून देतो, लक्षात राहायला सोपा म्हणून. आणि डब्याच्या कारभाराचा पासवर्ड कारखान्यातून आला तसाच राहतो. हे दोन पासवर्ड वेगळे आहेत, आणि घोळ इथेच होतो. एक वायफाय वापरायचा, दुसरा राउटर चालवायचा. दुसरा ज्याच्या हातात, त्याच्या हातात सगळं घर.

डबा उलटा करून पाहा. मागे किंवा खाली एक चिकटपट्टी असते, तिच्यावर राउटरचा पत्ता, वापरकर्त्याचं नाव आणि पासवर्ड छापलेला असतो. कित्येकदा तो 'अॅडमिन' आणि 'अॅडमिन' असाच निघतो. घरच्या वायफायला जोडलेल्या मोबाइलच्या ब्राउझरमध्ये तो पत्ता टाकला की राउटरचं पान उघडतं. सगळ्यात आधी बदलायचा तो हा पासवर्ड. २०१६ साली 'मिराई' नावाच्या एका प्रोग्रामने जगभरच्या लाखो कॅमेऱ्यांत आणि राउटरमध्ये शिरकाव केला. त्याच्याकडे कारखान्यातल्या पासवर्डांच्या साठेक जोड्यांची यादी होती. तो प्रत्येक दारावर तेवढ्याच जोड्या लावून पाहायचा, आणि तेवढ्यावरच दारं उघडत गेली. त्या वर्षीच्या २१ ऑक्टोबरला अशाच यंत्रांच्या फौजेने अमेरिकेतल्या एका मोठ्या इंटरनेट कंपनीवर हल्ला केला आणि ट्विटर, नेटफ्लिक्ससारखी संकेतस्थळं काही तास अनेकांना उघडेनात. ज्यांच्या घरातले कॅमेरे त्या फौजेत होते, त्यांना याचा पत्ताही नव्हता.

मग वायफायचा पासवर्ड. मोबाइल क्रमांक का नको, याचं गणित एकदा मांडून पाहण्यासारखं आहे. आपले मोबाइल क्रमांक दहा आकडी आणि ६ ते ९ने सुरू होणारे, म्हणजे एकंदर शक्यता ४०० कोटी. आकडा मोठा वाटतो. पण वायफायच्या सुरक्षेच्या जुन्या डब्ल्यूपीए-२ पद्धतीत एखादा माणूस रस्त्यावर उभा राहून तुमचा मोबाइल राउटरला जोडला जातानाचा संवाद टिपून घेऊ शकतो, आणि मग घरी बसून संगणकावर एकेक क्रमांक लावून पाहू शकतो. तुमच्या दाराशी त्याला परत यावंच लागत नाही. चांगल्या ग्राफिक्स कार्डाचा संगणक सेकंदाला लाखो क्रमांक तपासतो. सेकंदाला दहा लाख धरले तर ४०० कोटी क्रमांक ४,००० सेकंदांत संपतात. तास-सव्वा तास! ज्याला तुमचा क्रमांक आधीच माहीत आहे, त्याला तर तेवढाही वेळ लागणार नाही.

त्याऐवजी चार-पाच असंबद्ध मराठी शब्द रोमन अक्षरांत सलग लिहा आणि मध्ये एखादा आकडा घाला. एकमेकांशी काही नातं नसलेले शब्द घ्या : एक भाजी, एक अवजार, एक गाव, एक नक्षत्र. नियमाप्रमाणे पासवर्ड ८ ते ६३ अक्षरांचा चालतो. आठ अक्षरांवर थांबू नका, वीसच्या पुढे जा. घरच्यांना पाठ होतो, संगणकाला सापडत नाही. गावाचं नाव आणि पुढे १२३, किंवा मुलाचं नाव आणि जन्मसाल, असले पासवर्ड मात्र अंदाज बांधणाऱ्याच्या यादीत सगळ्यात वर असतात.

सुरक्षेच्या पर्यायात 'डब्ल्यूपीए-३' किंवा 'डब्ल्यूपीए-२/डब्ल्यूपीए-३' असं मिश्र काही दिसलं तर ते निवडा. २०१८ साली आलेल्या डब्ल्यूपीए-३मध्ये घरी नेऊन अंदाज बांधायची वरची युक्ती चालत नाही, प्रत्येक प्रयत्नासाठी राउटरशीच बोलावं लागतं. घरात जुना मोबाइल असेल तर मिश्र पर्याय बरा, नाहीतर तो जोडलाच जाणार नाही. 'डब्ल्यूईपी' दिसलं तर त्याला हात लावू नका, त्या पद्धतीचं कुलूप २००१ सालीच फुटलं. 'डब्ल्यूपीएस' नावाची बटणाची सोयही बंद करा. तिचा आठ आकडी पिन राउटर दोन तुकड्यांत तपासतो आणि शेवटचा आकडा बाकीच्यांवरून ठरतो. त्यामुळे दहा कोटींऐवजी जेमतेम ११,००० प्रयत्न पुरतात. हे २०११ साली उघड झालं, तरी ती सोय अजूनही अनेक डब्यांत चालू असते.

एवढं झाल्यावर गेस्ट नेटवर्कचं पान उघडा. ते 'वायरलेस' किंवा 'अॅडव्हान्स्ड'च्या पोटात सापडतं. काही कंपन्यांच्या डब्यात ते गेस्ट नावाने नसतं, तिथे एसएसआयडी-२ (म्हणजे वायफायचं दुसरं नाव) अशी रिकामी जागा असते आणि शेजारी 'आयसोलेशन' नावाची खूण. काही डब्यांत त्या दोन्ही मिळून तेच काम करतात, म्हणून पुढे दिलेली परीक्षा नक्की करा. नाव ओळखू येईल असं द्या, पण आडनाव, घर क्रमांक नको. पासवर्ड घरच्यापेक्षा वेगळा हवा, हे सांगायला नको. तो सोपा वाचता येईल असा ठेवा, कारण हा पासवर्ड ओरडून सांगायचा असतो. नवरात्र संपलं, लग्न आटोपलं की तो बदलायचा. पाहुण्यांचा पासवर्ड बदलला तर घरच्या टीव्हीला, मोबाइलला काही फरक पडत नाही. हा सगळ्यात मोठा फायदा, आणि केवळ एवढ्यासाठीही वेगळं जाळं करावं. त्याचा क्यूआर कोड मोबाइलमधून काढून, छापून बैठकीच्या भिंतीला लावला तर आजीलाही कोणाला स्पेलिंग सांगत बसावं लागत नाही.

काही राउटरमध्ये पाहुण्यांच्या जाळ्याला वेगाची मर्यादा घालता येते. ती घाला. तुमची जोडणी ५० एमबीपीएसची असेल तर पाहुण्यांना १५-२० पुष्कळ होतात. त्यात अर्ज भरले जातात, व्हिडिओ कॉल होतात, आणि घरात कोणाचा ऑनलाइन तास चालू असेल तर तोही तुटत नाही.

खरोखर वेगळं झालं का?

हे तपासल्याशिवाय काम संपलं असं समजू नका. पानावर 'गेस्ट' लिहिलेलं असतं, पण आतून जाळं वेगळं झालेलंच नसतं, असे स्वस्त डबे बाजारात आहेत. परीक्षा सोपी आहे. मोबाइलचा डेटा बंद करा, पाहुण्यांच्या वायफायला जोडा आणि ब्राउझरमध्ये घरच्या राउटरचा पत्ता टाका. मग डीव्हीआरचा पत्ता टाका. पान उघडलं नाही तर ठीक. लॉगिन विचारणारं पान आलं, तर ओसरी आणि माजघराच्या मधली भिंत बांधलेलीच नाही.

आणि एक गोष्ट आहे जी माहितीपुस्तिकांत सहसा सांगत नाहीत. आपल्याकडे अनेक घरांत दोन डबे असतात. एक कंपनीचा, समोरच्या खोलीत. दुसरा आपण विकत घेतलेला, मागच्या खोलीत रेंज जात नाही म्हणून. गेस्ट नेटवर्क आपण करतो दुसऱ्या डब्यावर, कारण त्याचं अॅप सोपं असतं. आता तो दुसरा डबा पाहुण्यांना कशापासून अडवतो? फक्त स्वतःच्या आतल्या यंत्रांपासून. त्याच्या दृष्टीने कंपनीच्या डब्याकडचं सगळं म्हणजे 'बाहेर', म्हणजे इंटरनेट. आणि सीसीटीव्हीचा डीव्हीआर नेमका कंपनीच्या डब्याला तारेने जोडलेला असतो! पाहुणा निवांतपणे तिथवर पोहोचतो. दुसरा डबा 'अॅक्सेस पॉइंट' पद्धतीने चालवला असेल तर पुष्कळदा पाहुण्यांना अडवणारी भिंतच नाहीशी होते, कारण पत्ते वाटायचं काम पहिल्याच डब्याकडे असतं. यावर साधा उपाय असा : पाहुण्यांचं जाळं पहिल्या, म्हणजे कंपनीच्या डब्यावर करा आणि घरची सगळी यंत्रं, डीव्हीआरसकट, दुसऱ्या डब्याच्या मागे घ्या. मग वरची परीक्षा पुन्हा करा.

स्वस्तातले वायफाय कॅमेरे, बोलणारे स्पीकर, वायफायचे बल्ब ही यंत्रंही मी पाहुण्यांमध्येच धरतो. त्यांना अपडेट क्वचित मिळतात, आणि बनवणारी कंपनी दोन वर्षांत गायब होते. त्यांना गेस्ट नेटवर्कवर टाकलं तरी मोबाइलच्या अॅपमधून कॅमेरा दिसत राहतो, कारण चित्र कंपनीच्या सर्व्हरवरून फिरून येतं. मात्र पाहुण्यांचा पासवर्ड बदलला की त्यांनाही तो नव्याने द्यावा लागतो, एवढी अडचण आहे. टीव्ही घरच्या जाळ्यावरच असू द्या. तो पाहुण्यांकडे गेला तर मोबाइलवरचे लग्नाचे फोटो त्याच्यावर टाकता येणार नाहीत, आणि घरात भांडण होईल.

कूलर, टिन आणि मातीची भिंत

पाहुणे बसतात अंगणात, पोर्चमध्ये, गच्चीवर. तिथवर वायफाय पोहोचत नसेल तर वरचं सगळं वाया. राउटर दोन पट्ट्यांवर बोलतो, २.४ गिगाहर्ट्झ आणि ५ गिगाहर्ट्झ. पहिलीची लहर साधारण साडेबारा सेंटिमीटर लांब, ती भिंती ओलांडून लांब जाते, पण वेग कमी आणि गर्दी जास्त. दुसरी वेगवान, पण भिंतीपुढे थकते. म्हणून पाहुण्यांचं जाळं २.४वर असलंच पाहिजे, ५वर असेल तर उत्तम. २.४मध्ये चॅनल १, ६ किंवा ११ यांपैकी शेजाऱ्याने न घेतलेलं निवडा आणि रुंदी २० मेगाहर्ट्झच ठेवा. ४० केली तर अर्ध्याहून जास्त पट्टा एकटं घर व्यापून बसतं, आणि मग शेजाऱ्याचंही चालत नाही, आपलंही नाही. हा पट्टा भारतात जानेवारी २००५पासून विनापरवाना खुला आहे. तो सगळ्यांचा आहे, म्हणून जपून वापरायचा.

आपल्याकडचा खास शत्रू म्हणजे कूलर. यवतमाळच्या मे महिन्यात पारा ४५च्या आसपास असतो आणि प्रत्येक खिडकीत लोखंडी कूलर बसतो. त्याची पत्र्याची पेटी लहरी परत फिरवते, आणि आतली ओली गवताची जाळी, टाकीतलं पाणी उरलेल्या लहरी पिऊन टाकतं. खिडकी ही खरं तर अंगणाकडे जाणारी वायफायची सगळ्यात सोपी वाट, आणि तीच आपण उन्हाळाभर बुजवतो. हिवाळ्यात अंगणात उत्तम चालणारं नेट एप्रिलमध्ये अचानक का बसलं, याचं उत्तर कित्येक घरांत खिडकीतच असतं. राउटर कूलरच्या खिडकीमागे न ठेवता दाराच्या रेषेत, डोक्याच्या उंचीवर घ्या. लोखंडी कपाटावर, फ्रिजमागे किंवा टीव्हीच्या पाठीशी तो अडकवू नका. टिनाच्या छपराखालून वरच्या गच्चीवर लहर जातच नाही, तिथे तारेने दुसरा डबा न्यावा लागतो. जुन्या वाड्यांतल्या हातभर जाडीच्या मातीच्या भिंतींना ५ गिगाहर्ट्झ दाद देत नाही, आणि पावसाळ्यात त्या ओलावल्या की २.४ही कुरकुरतं.

वीज गेली की राउटर जातो, आणि परत आल्यावर उठायला त्याला एक-दोन मिनिटं लागतात. बहुतेक डबे १२ व्होल्टवर चालतात. त्यांच्यासाठी हातात मावेल एवढा छोटा यूपीएस मिळतो. घेताना मात्र डब्याच्या अडॅप्टरवरचा व्होल्ट आणि अँपिअरचा आकडा पाहून घ्या. दोन डबे असतील तर दोन्हींना लागतो.

विसरलात तर

कारभाराचा पासवर्ड विसरला तर डब्याच्या मागे एक बारीक भोक असतं. त्यात पिन घालून दहाएक सेकंद दाबली की राउटर कारखान्यातून आला तसा कोरा होतो. स्वतः विकत घेतलेल्या राउटरला हे चालतं. कंपनीच्या फायबरच्या डब्याला मात्र करू नका. त्यात कंपनीने भरलेली जोडणीची माहितीही पुसली जाते, मग नेट पूर्ण बंद होतं आणि नेटवाला येईपर्यंत थांबावं लागतं. शुक्रवारी संध्याकाळी हे केलं तर शनिवार-रविवार गेलाच म्हणून समजा.

म्हणून बदल करण्याआधी प्रत्येक पानाचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. नवे तीन पासवर्ड, म्हणजे कारभाराचा, घरचा आणि पाहुण्यांचा, एका वहीत तारखेसह लिहा. डब्यावर चिकटवू नका. वही सातबारा आणि विम्याची कागदं जिथे असतात तिथे ठेवा, आणि घरातल्या आणखी एका माणसाला ती दाखवून ठेवा. राउटर बसवणारा मुलगा पुण्याला नोकरीला गेला आणि मागे आईवडिलांना पासवर्ड माहीत नाही, अशी घरं जिल्ह्यात पुष्कळ आहेत. पुढच्या वेळी तो सुटीवर आला की त्याच्याकडून हे एक काम करून घ्या. चहा होईपर्यंत संपतं.